सेल नवा, रिमोट गप्प: गाडीच्या चावीचं ‘कोडिंग’ खरंच उडतं का?

गाडीच्या रिमोटचा सेल बदलला आणि रिमोट चालेनासा झाला, की मुंबईत पाच मिनिटांत कुणीतरी निदान करून मोकळं होतं: “कोडिंग उडालं.” सोसायटीचा वॉचमन तेच सांगतो, शेजारचे काका तेच सांगतात आणि नाक्यावरचा चावीवाला तर सांगणारच, कारण कोडिंग करून देणं हा त्याचा धंदा. मग गाडी टो करून न्यायची की चावीवाल्याला मशीन घेऊन घरी बोलवायचं, एवढाच प्रश्न उरतो.

हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. कोडिंग, म्हणजे चावी आणि गाडी यांची एकमेकांशी करून ठेवलेली ओळख, सेलमध्ये नसतंच, तेव्हा सेल काढला म्हणून ते जायचं कारण नाही. बिघाड बहुधा सेल बसतो त्या इंचभर जागेत असतो आणि घरच्या टेबलावर, चांगल्या उजेडात, तो सापडतो. पण त्यासाठी चावीच्या पोटात काय काय आहे ते आधी कळायला हवं.

एका चावीत दोन वेगवेगळी कामं

कुलपात घालून फिरवायच्या साध्या रिमोट चावीत दोन भाग असतात आणि त्यांचं एकमेकांवाचून अडत नाही. पहिला भाग रेडिओचा. बटण दाबलं की चावी एक छोटा संदेश हवेत सोडते. आपल्याकडच्या गाड्यांत तो साधारणपणे ४३३.९२ मेगाहर्ट्झवर जातो. गाडीतला रिसीव्हर तो ओळखतो आणि सेंट्रल लॉकिंग उघडतं. या भागाला सेल लागतो.

दुसरा भाग इमोबिलायझरच्या, म्हणजे अनोळखी चावीने इंजिन चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, चिपचा; या चिपला ट्रान्सपॉन्डर म्हणतात. त्याला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. चावी आत गेली की या वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रातूनच चिपला वीज मिळते, ती आपली ओळख सांगते आणि गाडीला ती पटली तरच इंजिन चालू होतं. त्यामुळे रिमोट पार बंद पडला तरी चावी फिरवून गाडी निघते.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीची स्मार्ट चावी यापुढे जाते. तुम्ही दरवाज्याच्या हँडलला हात लावला की गाडी कमी फ्रीक्वेन्सीवर, १२५ किलोहर्ट्झच्या आसपास, चावीला हाक मारते. ही हाक जेमतेम मीटर-दीड मीटर पोचते. खिशातली चावी ती ऐकून जागी होते आणि रेडिओवरून उत्तर देते. ऐकण्यासाठी चावीला सतत थोडं जागं राहावं लागतं, म्हणून स्मार्ट चावीचा सेल लवकर संपतो. मात्र सेल संपल्यावर माणूस रस्त्यात अडकू नये यासाठी बिनसेलाची सोय याही चावीत ठेवलेली असते.

आता मुद्द्याचं. चावीची ओळख, तिचा गुप्त आकडा आणि बटण किती वेळा दाबलं याची मोजणी हे सगळं वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत लिहिलेलं असतं. सेल काढून चावी महिनाभर कपाटात ठेवली तरी ते पुसलं जात नाही. गाडीच्या बाजूची नोंद तर गाडीतच असते, तिला चावीच्या सेलाशी काही देणंघेणं नाही.

याची खात्री घरबसल्या करता येते. साधी चावी असेल तर ती फिरवून इंजिन चालू करून बघा. स्मार्ट चावी असेल तर ब्रेकवर पाय ठेवून चावी थेट स्टार्टच्या बटणाला टेकवा आणि बटण दाबा. काही गाड्यांत चावीनेच बटण दाबायचं असतं, काहींत चावीची ठरावीक बाजू टेकवायची असते, तर काहींत कन्सोलमध्ये किंवा कप ठेवायच्या खळग्यात चावीची जागा असते. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत हे चित्रासकट दिलेलं असतं. गाडी चालू झाली, तर तिने चावीला ओळखलं. इंजिनाच्या बाजूचं कोडिंग जागेवर आहे आणि शोध आता फक्त सेल आणि रेडिओपुरता उरला.

दरवाजा बंद असताना आत शिरायचं कसं? स्मार्ट चावीच्या पोटात लोखंडी पातं असतं. बाजूची छोटी कळ सरकवली की ते निघतं. ड्रायव्हरच्या हँडलवर चावीचं भोक दिसत नसेल तर ते झाकणाखाली असतं. पात्याने दार उघडल्यावर अलार्म केकाटू शकतो. इमारतीतली माणसं गॅलरीत येतील, येऊ द्या. चावी टेकवून गाडी चालू केली की तो थांबतो.

सेल: इथेच निम्म्याहून अधिक घोळ

सेलवरचा आकडा म्हणजे त्याचं माप. सीआर२०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर२०२५ तेवढाच रुंद, पण जाडी २.५. सीआर२०१६ ची जाडी १.६. लहान रिमोटमध्ये १६२० किंवा १६१६ असतो, म्हणजे व्यास १६. सगळे ३ व्होल्टचे.

तीन व्होल्ट ते तीनच व्होल्ट, मग काय फरक पडतो, असं म्हणून स्टेशनबाहेरचा घड्याळवाला २०३२ च्या जागी २०२५ टाकून देतो. “चालेल हो.” आणि दुकानात तो चालतोही. पण ०.७ मिलिमीटरची फट राहते. चावी हातात घट्ट धरली की दिवा लागतो, खिशात टाकली की संपर्क तुटतो. कधी चालतं कधी नाही अशी तक्रार असेल तर पहिला संशय याच्यावर घ्यावा. उलटं केलं, म्हणजे २०२५ च्या जागी २०३२ कोंबला, तर आतली पितळी पट्टी कायमची दबते आणि पुढे योग्य सेलही सैल बसतो. जुना सेल फेकण्याआधी त्याच्यावरचा आकडा वाचा. त्याआधी कुणी चुकीचा टाकला असेल अशी शंका असेल तर पुस्तिका बघा, बऱ्याच रिमोटच्या आतल्या प्लास्टिकवरही माप कोरलेलं असतं.

काही जुन्या रिमोटमध्ये दोन २०१६ एकावर एक असतात. दोघांची मिळून जाडी बरोबर ३.२ मिलिमीटर, म्हणून कुणीतरी तिथे एकच २०३२ बसवतं. तो बसतो छान, पण रिमोटला हवेत ६ व्होल्ट आणि मिळतात ३. तसाच दुसरा सापळा एलआयआर२०३२ चा. माप तेच, पण तो चार्ज करायचा सेल असतो, त्याचा व्होल्टेज जास्त असतो. रिमोटमध्ये तो घालू नये.

दिशा बघा. ज्या सपाट, गुळगुळीत बाजूवर नाव आणि अधिकचं चिन्ह आहे ती धन बाजू. सेलची कडसुद्धा धनच असते, आणि ऋण बाजू म्हणजे आतलं किंचित लहान वर्तुळ. काही रिमोटमध्ये नाव वर दिसेल असा सेल बसतो, काहींत नेमका पालथा. अंदाज लावायचं काम नाही. पुढच्या वेळी झाकण उघडल्याउघडल्या मोबाइलने फोटो काढून ठेवा.

सेल नवा आहे म्हणजे चांगला आहे, असंही नाही. मल्टिमीटर असेल तर २० व्होल्ट डीसीवर ठेवून मोजा. ताजा सेल ३ ते ३.३ व्होल्ट दाखवतो. पण खरी परीक्षा बटण दाबल्यावर होते, कारण रेडिओ चालू होताच तो एकदम जास्त वीज मागतो. शिळा सेल मोकळा असताना २.९ दाखवेल आणि मागणी आली की कोसळेल. जमलं तर सेल रिमोटमध्ये असतानाच, बटण दाबून धरून मोजा. मीटर नसेल तर दुसऱ्या दुकानातून, पाकिटावर तारीख असलेला सेल आणा. सुट्टा, पाकिटाबाहेर डब्यात खुळखुळणारा घेऊ नका. डब्यात सेल एकमेकांना चिकटून घरंगळत असतात आणि विकायच्या आधीच थोडे थोडे रिकामे होतात. जुना ‘एकदम ओके’ आहे म्हणून परत घालायचा मोह होतो, तोही टाळा.

नव्या सेलची आणखी एक गंमत आहे. लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही कंपन्या त्याला कडू लेप देतात, डिनॅटोनियम बेंझोएटचा. तो वीज वाहू देत नाही. काही उपकरणांत पट्टी नेमकी लेपावर टेकते आणि नवाकोरा सेल मेल्यासारखा वागतो. ॲपलने आपल्या एअरटॅगसाठी तशी सूचनाच दिली आहे. अशा वेळी सेल स्वच्छ कापडाला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून पुसा, नाहीतर बिनलेपाचा आणा. काही सेलांवर पारदर्शक कागदाचा स्टिकरही असतो, तो काढायचा राहून जातो ते वेगळंच.

आणि लेप असो वा नसो, जुना सेल टेबलावर पडू देऊ नका. मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भयंकर जखम होऊ शकते. ‘रिकामा’ सेलही ते करू शकतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करायला लावू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्यावा.

पट्टी, गंज आणि आपली हवा

सेल बरोबर, दिशा बरोबर, तरी बंद? मग पट्ट्या बघा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईत चावी ओल्या खिशात, ओल्या पर्समध्ये असते आणि उरलेल्या वर्षात समुद्राची खारट हवा असते. आत हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर तो गंज. साध्या खोडरबराने पट्टी हलकेच घासा, मग कापसाच्या काडीला आयपीए लावून पुसा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयपीए म्हटलं की मिळतं, लॅमिंग्टन रोडवर तर कुणालाही विचारा. डिओ, अत्तर, पेट्रोल यांतलं काही वापरू नका. पट्टी दबली असेल तर लाकडी टूथपिकने केसभर उचला. जास्त उचलली तर तुटते आणि मग सोल्डरिंगचं काम निघतं.

चावी पावसात पूर्ण भिजली असेल तर सगळ्यात आधी सेल बाहेर काढा. नुसत्या पाण्यापेक्षा पाणी आणि वीज मिळून जास्त नुकसान करतात. तांदळाच्या डब्यात ठेवण्याला फारसा अर्थ नाही. बोर्ड आयपीएने धुऊन पंख्याखाली नीट वाळवा, मग सेल घाला. पावसात हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून काढलेली चावी असेल तर आधी स्वच्छ पाण्याने धुवा, कारण गटाराच्या पाण्यातले क्षार मागे राहतात.

कधी सेल घालताना संपर्क दोनचारदा तुटतो-जुळतो आणि आतली चिप अडकून बसते. सेल काढा, सगळी बटणं काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. मिनिटभर थांबून सेल एका दमात बसवा. ऐकायला टोटका वाटतो, पण टीव्हीच्या रिमोटला थपडा मारण्यापेक्षा यामागे जास्त शास्त्र आहे.

टीव्हीवरून आठवलं. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बटण दाबून ‘किरण दिसतो का’ बघायची युक्ती इथे चालत नाही. टीव्हीचा रिमोट इन्फ्रारेडवर चालतो, आजच्या गाड्यांचे रिमोट रेडिओवर, आणि कॅमेऱ्याला रेडिओ दिसत नाही. तसंच रिमोटवरचा लाल दिवा लागला म्हणजे संदेश गेलाच असंही नाही. दिव्याला लागणारी वीज मरतुकडा सेलही देतो.

झाकण उघडताना सांडलेलं

ही गोष्ट चावीवालेही घाईत विसरतात. बऱ्याच घडीच्या चाव्यांत इमोबिलायझरची चिप मुख्य बोर्डावर नसते. तो नखाहूनही लहान, काळा चौकोनी तुकडा किंवा काचेची बारीक नळी असते आणि प्लास्टिकच्या खाचेत नुसती बसवलेली असते. झाकण उचकटताना ती उडते, सतरंजीवर पडते, झाडूबरोबर जाते. मग विचित्र लक्षण दिसतं: रिमोटने दारं झकास उघडतात, पण चावी फिरवली की इंजिन एक क्षण चालून बंद पडतं किंवा पेटतच नाही आणि डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकतं. सेल बदलल्यानंतर हे सुरू झालं असेल तर जिथे झाकण उघडलं तिथली फरशी आधी शोधा. रस्त्यावर नवं कव्हर बसवून घेतलं असेल तर जुनं कव्हर मागून घ्या. चिप त्यातच राहिलेली असण्याची शक्यता मोठी.

बटणांचं रबर सरकणं हा त्यामानाने साधा प्रकार. झाकण बंद करताना रबर खाचेत बसलं नाही की एखादं बटण कायम दाबलेलं राहतं, आणि नवा सेल काही दिवसांत संपतो. चावी पुन्हा उघडायची, रबर बसवायचं, प्रत्येक बटणाचा ‘टक’ आवाज येतो का बघायचं. एवढंच.

मोजणी पुढे गेली तर

आता ‘कोडिंग’ या समजुतीच्या सगळ्यात जवळ जाणारा, पण कोडिंग नसलेला प्रकार. रिमोट दर वेळी तोच संदेश पाठवत नाही, नाहीतर कुणीही तो रेकॉर्ड करून गाडी उघडेल. आत एक मोजणी असते. प्रत्येक दाबण्याला ती एकाने वाढते, तिच्यासकट नवा गुप्त संदेश तयार होतो, आणि गाडी आपल्याकडची शेवटची मोजणी लक्षात ठेवते. याला रोलिंग कोड म्हणतात.

दूधवाल्याच्या कार्डासारखं आहे हे. एक हिशेब त्याच्याकडे, एक आपल्याकडे. दोन-चार पिशव्यांचा फरक असला तर कुणी काही बोलत नाही. जास्त झाला की समोरासमोर बसून जुळवावा लागतो. कीलॉक ही या कामाची गाजलेली पद्धत घ्या. ती दक्षिण आफ्रिकेत तयार झाली आणि १९९५ मध्ये मायक्रोचिप कंपनीने विकत घेतली. त्या पद्धतीच्या चिप्समध्ये गाडी पुढच्या १६ दाबण्यांपर्यंतचा संदेश लगेच मान्य करते. त्यापुढे, सुमारे ३२ हजारांपर्यंत, लागोपाठचे दोन संदेश मिळाले तरच मानते. वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे वेगळे असतील, पण तत्त्व हेच.

आता सेल बदलल्यावर आपण काय करतो? चौदाव्या मजल्यावरच्या घरात बसून बटण दाबून दाबून दिवा बघतो. खाली पोडियममध्ये उभ्या गाडीला यातलं काही ऐकू जात नाही, पण चावीची मोजणी पुढे जात राहते. मग गाडीशी गेल्यावर पहिलं दाबणं वाया जातं आणि आपण घाबरतो. गाडीच्या जवळ उभं राहून, मध्ये दोन-तीन सेकंद सोडून, तेच बटण काही वेळा दाबा. बहुतेकदा तेवढ्याने जुळतं. काही गाड्यांत, विशेषतः जुन्या, ठरलेल्या क्रमाने जुळवावं लागतं: चावी इग्निशनमध्ये ऑन करून लॉकचं बटण काही सेकंद धरणं, अशा धर्तीचं. नेमका क्रम पुस्तिकेत असतो. याला सिंक करणं म्हणतात, यात मशीन लागत नाही आणि चावीवाल्याने याचे कोडिंगएवढे पैसे मागितले तर देऊ नयेत.

चावी ठीक, गाडीच झोपलेली

सोमवार ते शनिवार लोकलने जाणाऱ्या घरांत गाडी फक्त रविवारी हलते, कधी तीही नाही. त्यात गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरते आणि योगायोगाने त्याच आठवड्यात आपण रिमोटचा सेल बदललेला असतो. दोष सेलवर येतो. पात्याने दार उघडून आतला दिवा बघा. तो मिणमिणता असेल किंवा लागतच नसेल तर जंप स्टार्टची, म्हणजे दुसऱ्या बॅटरीच्या आधाराने गाडी चालू करायची, सोय करा, रिमोटला हात लावू नका.

सगळ्यात पटकन निकाल देणारी वस्तू घरातच असते: दुसरी चावी. ती चालली तर दोष पहिल्या चावीत. दोन्ही चालत नसतील तर दोष गाडीत किंवा जागेत. जागेत म्हणजे असं, की काँक्रीटच्या तळघरात किंवा जवळ त्याच फ्रीक्वेन्सीवर बडबडणारं एखादं स्वस्त उपकरण असेल तर रिमोटचा पल्ला एकदम घटतो. चावी चालवून बघायला तीच गाडी रस्त्यावर दुसरीकडे न्या. स्मार्ट चावी असेल तर ती मोबाइलला, नाण्यांना किंवा दुसऱ्या चावीला चिकटून खिशात आहे का तेही बघा. गाडीची हाक तेवढ्यानेही बुजते. आणखी एक साधी गोष्ट: एखादं दार नीट लागलेलं नसेल, किंवा दुसरी स्मार्ट चावी आत पर्समध्ये राहिली असेल, तर गाडी मुद्दामच लॉक होत नाही.

कोडिंग खरंच लागतं तेव्हा

बोर्ड जळला, चिप हरवली, नवी चावी घेतली, किंवा चावी स्टार्टच्या बटणाला टेकवूनही गाडी तिला ओळखत नाही आणि दुसरी चावी मात्र चालते, अशा वेळी कोडिंग लागतं. त्यातही आधी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराला बोर्ड दाखवा. सेलच्या खोबणीचं सोल्डर चावी पडून पडून तडकतं, आणि ते जोडणं हे त्याच्यासाठी किरकोळ काम आहे. नवी स्मार्ट चावी हजारो रुपयांच्या घरात जाते, तेव्हा हा एक फेरा वाया जात नाही.

सर्व्हिस सेंटरला किंवा चावीवाल्याकडे जायचंच झालं तर आरसी आणि ओळखपत्र न्या. जो चावीवाला आरसी न बघता कोडिंग करायला तयार होतो त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं. आणि घरात असतील तेवढ्या सगळ्या चाव्या बरोबर न्या, कारण अनेक गाड्यांत नवीन नोंद करताना समोर नसलेल्या चाव्यांची नोंद पुसली जाते. कपाटातली चांगली चालणारी दुसरी चावी त्या दिवसापासून बंद पडते.